चहा चहा म्हणूनच विकू द्या, लिव्हरचं औषध म्हणून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत चहा प्यायल्याने लिव्हर कसं सुधारतं यावर तुम्ही अर्धं पान लेख छापला आणि त्याच पानावर खाली 'लिव्हर डिटॉक्स टी, फॅटी लिव्हर गायब' अशी चौकोनी जाहिरात. दोन्ही एकाच पानावर कसं काय आलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक, पण सोमवारी दुकान उघडायच्या आत माणसं कात्रण घेऊन पायरीवर उभी. "अक्का, ह्यो लिव्हरचा चा हाय काय तुमच्याकडं?"

माझं बेळगावच्या शहापुरात चहापावडरचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. गिऱ्हाईक आपणहून चालत आलं की खरं तर खूश व्हायला पाहिजे, ग्रीन टी आमच्याकडे सुटी पण मिळते आणि डब्यातली पण, चार डबे खपले असते. पण मी बीएस्सी केमिस्ट्री केलेली बाई, लग्नाआधी एका लॅबमध्ये एसजीपीटी आणि बिलिरुबिन ह्या लिव्हरच्या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट काढायचं काम केलंय, त्यामुळे हे असं विकायला जीभ रेटत नाही. म्हणून हे पत्र, लांबलंय, तुम्ही कापणार हे माहीत आहे तरी लिहिते.

पहिल्यांदा हे सांगते की लेख पूर्णच खोटा होता असं नाही. ग्रीन टीत कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात, त्यातलं मुख्य ईजीसीजी, आणि फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलेल्या पेशंटवर त्याच्या चाचण्या झाल्यात, काहींमध्ये एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, थोडं खाली आलंय हे खरं आहे. पण त्या चाचण्या छोट्या आहेत, काही आठवडे नाहीतर काही महिने चाललेल्या, आणि ज्यांचं लिव्हर आधीच धडधाकट होतं त्यांच्यात फायदा दिसलाच नाही, उलट आकडा किंचित वर गेल्याचं पण दिसलंय. रिपोर्टमधला एक आकडा थोडा उतरणं आणि आजार बरा होणं ह्यात फार फरक आहे हो. लिव्हर कडक झालेलं, म्हणजे सिरॉसिस, चहाने मऊ झाल्याचं कुठेही सिद्ध झालेलं नाही, आणि तुमच्या लेखात तर 'सिरॉसिसमध्येही गुणकारी' असं सरळ लिहून टाकलंय.

आता दुसरं. लेखाबरोबर फोटो होता हिरव्या पानांचा आणि काचेच्या कपातल्या फिक्या पाण्याचा. वाचणारा माणूस कुठला? आमच्या बेळगावचा, निपाणीचा, खानापूरचा. तो पितो काय? मामरी. मामरी म्हणजे सीटीसी चहा, पानं काट्याच्या रोलरमधून चिरडून, फाडून, वळवून दाणेदार केलेली, ही पद्धत १९३० च्या सुमाराला आसामात निघाली आणि आज देशात बहुतेक चहा असाच बनतो. झाड एकच बरं का, ग्रीन टी पण त्याच झाडाची आणि मामरी पण त्याच झाडाची. फरक इतकाच की ग्रीन टीचं पान तोडल्यावर लगेच गरम करतात त्यामुळे कॅटेचिन तसंच राहतं, आणि मामरी चिरडल्यावर हवा लागून काळी पडू देतात, त्यात बरंचसं कॅटेचिन बदलून थिआफ्लेविन वगैरे तयार होतं, त्यानेच आपल्या चहाला तो लाल रंग आणि कडकपणा येतो. म्हणजे ज्या द्रव्याची जाहिरात करताय ते आमच्या कपात पोचेपर्यंत कमीच झालेलं असतं. त्यावर दूध, त्यावर आलं, वेलची, आणि पातेल्यात उकळ्यावर उकळ्या. मला हा चहा आवडतो, दुकान त्याच्यावरच चाललंय, आसामच्या पावडरीत थोडा नीलगिरीच्या डोंगरातला चहा मिसळून मी स्वतः ब्लेंड बसवते, पण लिव्हरसाठी म्हणून कुणी मागितला तर मी काय सांगू.

आणि साखर! ह्यावर तुमच्या लेखात एक ओळ नाही. एक ओळ नाही म्हणजे कमालच आहे, कारण आपला जिल्हा उसाचा, संकेश्वर, निपाणी, उगार, गोकाक, जिकडे बघाल तिकडे कारखाना, आणि चहात साखर कमी पडली तर पाहुण्याला वाटतं यजमानाचा हात आखडलाय. दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम. दिवसाचे सहा चहा हे आपल्याकडे बाजारात बसणाऱ्या माणसाला काही जास्त नाहीत, सकाळचे दोन, दुकानात दोन, कुणी आलं म्हणून एक, संध्याकाळचा एक, झाले ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे सहाएक चमचे, जेवणातलं, बिस्किटातलं, कुंद्यातलं सगळं धरून. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि फ्रुक्टोजचा निकाल मुख्यतः लिव्हरमध्येच लागतो, जास्त झालं की तिथेच चरबी बनते. फॅटी लिव्हरचा एक मोठा रस्ता हाच. म्हणजे ज्या कपातून तुम्ही लिव्हरला औषध पाजताय त्याच कपातून त्याच्यावर चरबी पण चढवताय.

मग म्हणतात आम्ही गुळाचा चहा पितो. हायवेला कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत 'गुळाचा चहा' चे बोर्ड बघा, लोक गाड्या थांबवून पितात आणि वर म्हणतात हा चालतो. गुळात पण बहुतांश साखरच आहे, थोडं लोह आणि खनिजं असतील, पण लिव्हरला ती साखर कारखान्यातून आली की गुऱ्हाळातून आली हे काही कळत नाही. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी आहेत, शुगर आहे, फॅटी लिव्हर आहे, साखर एकदम बंद केली आणि गूळ चालू केला तो डबल, कारण गुळाला गोडी कमी लागते म्हणे. त्यांना बोलायला गेलं की चिडतात.

आता धंद्याच्या विरुद्ध एक बोलते. लिव्हरच्या बाबतीत चहापेक्षा कॉफीचा पुरावा कितीतरी जास्त आहे. ब्रिटनमध्ये युके बायोबँक म्हणून मोठा अभ्यास आहे, त्यातल्या जवळजवळ पाच लाख लोकांची माहिती २०२१ साली छापून आली, कॉफी पिणाऱ्यांमध्ये जुनाट लिव्हरचा आजार सुमारे २१ टक्के कमी आणि त्याने होणारे मृत्यू सुमारे ४९ टक्के कमी दिसले. हा पण नुसता निरीक्षणाचा अभ्यास आहे, कॉफीनेच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण असे अभ्यास वेगवेगळ्या देशांत होऊन साधारण तेच दिसलंय. म्हणजे कर्नाटकात राहून पिकवतो आपण चिक्कमगळूरला कॉफी आणि बेळगावात बसून लिव्हरसाठी शोधतोय चहा. अर्थात कॉफीत पण तीन चमचे साखर ढकलणार असाल तर राहू द्या, आणि प्रेशर, झोप, अॅसिडिटी ज्याची त्याने बघावी.

खरी भीती मला कपातल्या चहाची नाहीच. ग्रीन टी बिनसाखरेची दोन-तीन कप प्यायला चांगल्या माणसाला काही होत नाही, कपात ईजीसीजी साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम. भीती आहे ती अर्काची, म्हणजे एक्स्ट्रॅक्टची, जो कॅप्सूलमध्ये आणि ह्या डिटॉक्स पावडरींमध्ये भरतात. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये हे सगळं तपासलं आणि सांगितलं की गरम पाण्यात भिजवून पिण्याची ग्रीन टी साधारणपणे सुरक्षित आहे पण सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढताना दिसतात. अमेरिकेत मिनेसोटाला हजाराच्या वर बायकांना वर्षभर असा अर्क देऊन बघितलं, तपासत होते स्तनाच्या कॅन्सरसाठी, तर अर्क घेणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांच्या एसजीपीटीत लक्षात येण्याइतकी वाढ झाली, अर्क नसलेली नुसती साधी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही आत होतं. फ्रान्स आणि स्पेनमध्ये वजन कमी करायचं ग्रीन टीच्या अर्काचं एक औषध २००३ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं, लिव्हर बिघडल्याच्या तक्रारी आल्या म्हणून. आणि कुणाला त्रास होईल हे आधी सांगता येत नाही, एचएलए-बी ३५:०१ असा एक जनुकाचा प्रकार आहे, तो असलेल्यांना धोका जास्त दिसलाय, पण तो आपल्यात आहे की नाही हे बघायला कोण जातंय. म्हणजे लिव्हर दुरुस्त करायला आणलेल्या डब्याने लिव्हरलाच मार बसू शकतो, आणि तुमच्या लेखकाने हे वाचलेलंच दिसत नाही.

त्या जाहिरातीतला डबा मी मागवून बघितला. पैसे गेले पण बघितला. पुढच्या बाजूला हिरवं पान, लालबुंद लिव्हरचं चित्र आणि मोठ्या अक्षरात 'शंभर टक्के नैसर्गिक'. मागच्या बाजूला इतक्या बारीक अक्षरात की चष्म्याने जमेना, मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचलं. ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, किती ते लिहिलेलं नाही. गुळवेल. पुनर्नवा. आणि सोनामुखी. उघडून बघितलं तर पुडीत निम्म्याच्या वर चपट्या फिक्या हिरव्या पानांचा चुरा, वास चहाचा नाहीच, आजीच्या जुलाबाच्या काढ्याचा वास. सोनामुखीने काय होतं हे इथल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. रात्री प्यायचं, सकाळी दोन-तीनदा पळायचं, आणि गिऱ्हाईक खूश, काय मस्त साफ झालं, लिव्हरमधलं विष निघून गेलं! निघालं ते आतड्यातलं पाणी. पोट साफ होण्याचा आणि लिव्हर साफ होण्याचा काही संबंध नाही, रक्तातलं नको ते बाहेर काढायचं काम लिव्हर स्वतःच चोवीस तास करत असतं, त्याला बाहेरून साबण लागत नाही. ज्याला खरोखर सिरॉसिस आहे, पोटात पाणी भरतंय, लघवीच्या गोळ्या चालू आहेत, त्याला असे जुलाब झाले तर अंगातलं पाणी आणि क्षार उतरून मेंदूवर परिणाम होईपर्यंत वेळ येऊ शकते. अशाच माणसाचा मुलगा माझ्याकडे कात्रण घेऊन आला होता, कंग्राळीकडचा. मी काही दिलं नाही, डॉक्टरांना दाखव म्हटलं, तर म्हणाला दाखवतोय की, ते बरं करत न्हाईत म्हणूनच आलोय.

गुळवेलीचं लिहिलं की लोक रागावतात, आयुर्वेदाच्या विरोधात बोलते म्हणतात. मी विरोधात नाही. पण कोरोनाच्या वेळी घराघरात गुळवेलीचा काढा चालू होता आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेले काही पेशंट वैद्यकीय मासिकात मांडले, पुढे इतर शहरांतूनही तशी प्रकरणं आली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल लोक वापरतात असं त्यांचं म्हणणं. बरं, तसंच धरू, मग डब्यातली वेल कुठली आहे हे मला दुकानात बसून कसं कळणार आणि तुम्हाला छापखान्यात बसून कसं कळणार? चहापावडरमध्ये रंग मिसळलाय का हे मी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर चिमूटभर टाकून बघू शकते, लगेच रंग पसरला तर माल परत, अर्काच्या पुडीला असली कुठली परीक्षा माझ्याकडे नाही.

आणखी एक गोष्ट, ही थोडी बोचेल. हा लिव्हरचा चहा मागायला येणाऱ्यांत निम्मे तरी असे की त्यांची बायको मागे उभी राहून मानेने 'नाही नाही' करत असते. चोर्ला घाटातून खाली गेलं की गोवा, तिथली स्वस्त बाटली इकडे कशी येते हे मी तुम्हाला सांगायला नको. रात्री ती आणि सकाळी ग्रीन टी, हिशोब बरोबर. तो हिशोब बरोबर होत नाही. दारूने लिव्हरला सूज असेल तर जगात एकच उपाय पहिल्या नंबरवर आहे, दारू बंद, आणि एकदम बंद करताना हात थरथरायला लागले, भास व्हायला लागले तर घरात न बसता दवाखान्यात जायचं. हे छापा की अर्धं पान!

तुम्ही म्हणाल एवढं चिडायला काय झालं, पेपरात रोज काहीबाही येतं. पण सीमाभागात मराठी पेपरची गोष्ट वेगळी आहे हो. सरकारी दवाखान्यातला बोर्ड कन्नडमध्ये, पत्रक कन्नडमध्ये, आमच्या सासूबाईंच्या वयाच्या बायकांना एक अक्षर वाचता येत नाही, मोठा आजार झाला की लोक आधी मिरज नाहीतर कोल्हापूर गाठतात, महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली तर त्यावरून दोन्ही सरकारांची भांडणं. त्यामुळे तब्येतीबद्दल मराठीत जे काही हाताला लागतं ते म्हणजे तुमचा पेपर आणि व्हॉट्सअॅप. आणि व्हॉट्सअॅपवर लोक निदान शंका घेतात, पेपरात आलं की म्हणतात छापून आलंय, खरंच असणार.

छापायचंच असेल तर ह्याच विषयात छापण्यासारखं ढीगभर आहे. फॅटी लिव्हरवर आज सगळ्यात भरवशाचा उपाय वजन उतरवणं, वजनाच्या ५ टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते आणि ७ ते १० टक्के उतरलं तर सूज पण उतरायला लागते, म्हणजे ८० किलोच्या माणसाला ४ ते ८ किलो. सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी' आलं म्हणून घाबरून डबे मागवण्यापेक्षा डॉक्टरांना फिब-४ काढायला सांगा, वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्या चार गोष्टींवरून तो आकडा निघतो, साध्या रक्ताच्या रिपोर्टवर, आणि लिव्हर कडक होत चाललंय का ह्याचा अंदाज येतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरला शुगर-बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलंय हे इथे किती जणांना माहीत आहे? हिपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूने येणारी लिव्हरची सूज, तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत फुकट आहेत. बी ला लस आहे, बाळ जन्मल्यावर २४ तासांत द्यायची. पावसाळ्यात घाण पाण्याने कावीळ येते त्यात गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर जिवावर बेतू शकतं, आणि आमच्याकडे अजून गळ्यात काविळीची माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणतात. त्या माळेच्या जोडीला आता हा डबा आलाय, एवढाच काय तो फरक.

शेवटी कायद्याचं. अन्न म्हणून विकायच्या वस्तूवर आजार बरा होतो असा दावा करता येत नाही, एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचे २०१८ चे जाहिरातीचे नियम आहेत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. औषध म्हणून विकायचं म्हटलं तर औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये कावीळ, हिपॅटायटिस आणि लिव्हरचे विकार आहेत, म्हणजे ते बरे करतो असा दावा कुठल्या औषधाने पण करायचा नाही. चहा म्हणा नाहीतर औषध म्हणा, ती जाहिरात दोन्हीकडून बसत नाही. तुमच्या जाहिरात विभागाने त्या कंपनीकडे लायसन्स नंबर आणि पुडीत ईजीसीजी नेमकं किती आहे एवढे दोनच प्रश्न विचारावेत आणि उत्तर येईपर्यंत ती चौकट थांबवावी. आणि लेखाची दुरुस्ती छापणार असाल तर आतल्या पानावर कोपऱ्यात नको, रविवारच्या पुरवणीत त्याच पानावर छापा, कात्रण काढणारे तिथेच बघतात.

आपली,
एक चहापावडर विक्रेती,
शहापूर, बेळगाव

ता. क. आशाताई ज्या लोहाच्या गोळ्या देतात त्या आमच्याकडच्या बायका सर्रास चहाबरोबर घेतात. चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही, गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी आणि चहा तास-दीड तासाने प्यावा. आणि उकळता चहा तसाच घशात ओतू नका, ६५ अंशांच्या वरचं पेय अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या दृष्टीने धोक्याचं असू शकतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये सांगितलंय, त्यामुळे बशीत ओतून पिणाऱ्या जुन्या माणसांना कुणी हसू नये.